फेसवॉश चेहऱ्यावर राहतो एक मिनिट

'डॉक्टरताई, मी २४ वर्षांची. गाव अंबाजोगाई, दोन वर्षांपासून पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. कपाळ आणि नाक दुपारपर्यंत तेलाने चमकायला लागतं. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम आहेत आणि गालांचे मात्र पोपडे निघतात. दिवसातून पाच-सहा वेळा चेहरा धुते. वर्षभरात तीन फेसवॉश झाले: कडुनिंबाचा, कोळशाचा आणि सॅलिसिलिक ॲसिडचा. शिवाय अक्रोडाचा स्क्रब. रूममेटने एक ट्यूब दिली होती. तिने आठवड्यात चेहरा काचेसारखा झाला, तीन आठवड्यांनी ट्यूब संपली आणि चेहरा दुप्पट फुटला. आई म्हणते डाळीचं पीठ लाव आणि वडापाव बंद कर. गावी गेले की बोअरच्या पाण्याने तोंड आणखी रखरखतं. माझी त्वचा नक्की तेलकट की कोरडी? कोणता फेसवॉश घेऊ, एकच नाव सांगा. आणि उरलेल्या बाटल्यांचं काय करू? बाराशे रुपये गेलेत. – अभ्यासिकेतली एक'

अगं, तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते मुरमांबद्दलचं वाक्य नाही, 'पाच-सहा वेळा चेहरा धुते' हे आहे. बाकीचं निम्मं दुखणं तिथून सुरू झालंय. आणि एकच नाव मी सांगणार नाही. तुझी निराशा होईल, पण नाव सांगितलं तर तू चौथी बाटली आणशील आणि तीन महिन्यांनी मला पुन्हा हेच पत्र लिहिशील.

फेसवॉश चेहऱ्यावर किती वेळ राहतो? दवाखान्यात मी पेशंटना कधी कधी म्हणते, 'चेहरा कसा धुता ते हाताने करून दाखवा.' मी मनात आकडे मोजते. बहुतेक जण दहाच्या आत संपवतात. अगदी मन लावून धुतलंस तरी एक मिनिट. मग पाणी येतं आणि जे लावलं ते बेसिनमधून खाली जातं. बाटलीवर लिहिलेलं कडुनिंब, केशर, व्हिटॅमिन सी, सोन्याचे कण हे सगळं त्या पाण्याबरोबर जातं. एका मिनिटात जे होण्यासारखं आहे तेवढंच फेसवॉशकडून मागायचं. ते काय, हे नीट कळलं की बाटली निवडणं दोन मिनिटांचं काम आहे.

तुपाचं भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, हे तुला सांगायला नको. साबण असो, फेसवॉश असो की आजीची शिकेकाई आणि रिठा, सगळ्यांचं काम एकच. त्यांतल्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेलाची टोकं तेलाच्या थेंबाला चहूबाजूंनी चिकटतात, पाण्याची टोकं बाहेर राहतात आणि थेंब उचलला जाऊन पाण्याबरोबर वाहून जातो. रिठ्यात हे काम सॅपोनिन करतं, बाटलीतल्या फेसवॉशमध्ये सर्फॅक्टंट करतात. घाम, धूळ, सनस्क्रीन, दिवसभराचं तेल, मेलेल्या पेशींचा चुरा हे सगळं असं निघतं. चेहरा स्वच्छ होतो आणि पुढे लावायचं औषध त्वचेपर्यंत पोचतं.

अडचण अशी की या रेणूंना आपलं-परकं कळत नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर एखाद्या भिंतीसारखा असतो. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं ही स्निग्ध द्रव्यं भरलेली असतात. गवंडी ज्याला 'माल' म्हणतात ना, तोच हा. आतलं पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवतो तो हा माल. सर्फॅक्टंट जरा जहाल असला, किंवा सौम्य असूनही दिवसातून सहा वेळा फिरवला, की वरच्या तेलाबरोबर सांध्यांतला मालही थोडा थोडा निघून जातो. मग पाणी उडून जायला लागतं, कातडी ओढल्यासारखी होते, पोपडे निघतात आणि साधं क्रीमसुद्धा चरचरतं. ताट घासून त्यावर बोट फिरवलं की कुर्रकन वाजतं, तसा चेहरा वाजला म्हणजे स्वच्छ झाला, असं आपल्या मनात घट्ट बसलंय. चेहरा वाजायला नको. ताटाला कातडी नसते.

साबणाची वडी तर चेहऱ्यासाठी आणखी अवघड. निरोगी त्वचा किंचित आंबट असते. तिचा पीएच (हे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट) साधारण ४.७ ते ५.५, म्हणजे दह्याहून थोडी कमी आंबट म्हण. तेल आणि अल्कली यांच्यापासून बनलेल्या नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. आकडे जवळचे वाटतात, पण पीएचच्या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापट असते. साडेपाच आणि साडेनऊ यांत दहा हजार पटींचं अंतर आहे. धुतल्यावर त्वचा हळूहळू मूळ जागी येते, तिला काही तास लागतात. तू तासातासाने पुन्हा नळाखाली गेलीस तर तिने यायचं कधी?

हे मी पुस्तकातून शिकायच्या आधी स्वतःच्या चेहऱ्यावर शिकलेय. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर असताना मला तुझ्यासारखेच मुरूम होते आणि 'जंतूच मारायचे तर' असं म्हणून मी हात धुवायच्या जंतुनाशक साबणाने दिवसातून चार वेळा तोंड धुवायचे. महिन्याभरात ओठांच्या कडा फाटल्या, हसताना गाल दुखायला लागले आणि मुरूम जागच्या जागी. आमच्या त्वचारोगाच्या मॅडमनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं होतं, 'फरशी पुसतेस का तोंड धुतेस?'

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण मेदद्रव्याचं प्रमाण, लिहिलेलं असतं, ते किती हवं असं बरेच जण विचारतात. भारतीय मानकांनुसार पहिल्या दर्जाच्या आंघोळीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावं लागतं. तो साबणाच्या दर्जाचा आकडा आहे, पण जास्त टीएफएमचा साबणही अल्कधर्मीच असतो. अंगाला चालेल, मुरमांच्या चेहऱ्याला नको. १९५७ साली अमेरिकेत डव्ह नावाची वडी आली. दिसायला साबण, पण आत मुख्यतः साबण नाही तर कृत्रिम सौम्य सर्फॅक्टंट. अशा वड्यांना सिंडेट म्हणतात. आजचे बहुतेक फेसवॉश म्हणजे त्याच कल्पनेची पातळ भावंडं. (मी नाव घेतलं म्हणून तीच वडी आणायला धावू नकोस, इतिहास सांगतेय.)

तुझ्या गावच्या पाण्याचं कोडंही इथेच सुटतं. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी कड बसते. ती करामत पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची. साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा चिकट साका तयार करतो. बादलीवर बसतो तसाच तो चेहऱ्यावरही बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो आणि आणखी साका होतो. सिंडेट किंवा सौम्य फेसवॉश जड पाण्यात असा साका करत नाहीत. म्हणून गावी जाताना आपला फेसवॉश बरोबर ने, आणि शेवटचा हबका पिण्यासाठी भरलेल्या चांगल्या पाण्याचा मार. एक तांब्या पुरतो.

आता तुझा मुख्य प्रश्न: तेलकट की कोरडी? दोन्ही. यात विरोध नाही. तेल बनवणाऱ्या ग्रंथी आणि पाणी धरून ठेवणारा तो वरचा थर ही दोन वेगळी खाती आहेत. कपाळ, नाक आणि हनुवटीवर ग्रंथी दाट असतात, गालांवर विरळ. म्हणून तुझं कपाळ चमकतं. गालांचं खातं मात्र तू धुऊन धुऊन रिकामं केलंस. सगळीकडे एकसारखा उपाय केला की एक भाग सुधारतो आणि दुसरा बिघडतो, हे तुझ्या तीन बाटल्यांनी दाखवलंच आहे.

घरच्या घरी पाहायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी कोमट पाण्याने, सौम्य काहीतरी वापरून चेहरा धू आणि अर्धा तास काहीच लावू नकोस. जिथे ओढ बसते तो भाग कोरडा, जिथे टिपकागद लावल्यावर डाग उमटतो तो तेलकट. ढोबळ परीक्षा आहे, पण दुकानातल्या मशीनपेक्षा वाईट नाही. फक्त तुझ्या बाबतीत ही परीक्षा आज करून उपयोग नाही. आधी तीन आठवडे त्वचेला शांत बसू दे.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण तो डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतो. 'जास्त धुतलं की त्वचा चिडून जास्त तेल बनवते' असं म्हणतात. याला भक्कम पुरावा नाही. तेलग्रंथी अँड्रोजेन नावाच्या संप्रेरकांचं ऐकतात. तू वरचं तेल पुसलंस याची त्यांना खबरही नसते. धुतल्यावर काही तासांत चमक परत येते ती ग्रंथी नेहमीच्या चालीने चालतात म्हणून. वरून धुऊन ती चाल कमीही होत नाही आणि वाढतही नाही. जास्त धुण्याचा तोटा आहेच, पण तो भिंतीचा तोटा आहे. दुपारी अभ्यासिकेत कपाळ चमकलं तर नळाकडे जाऊ नकोस, टिपकागदाचा एक तुकडा किंवा साधा सुती रुमाल दाबून धर. बस.

मुरूम कसा होतो ते थोडं सावकाश सांगते, कारण फेसवॉशची हद्द तिथे दिसते. केसाच्या मुळाशी जी बारीक नळी असते तिच्या आतल्या पेशी झडून बाहेर पडायच्या, त्या एकमेकींना चिकटून बसतात. मागून तेल येत राहतं आणि नळीला बूच बसतं. हे बूच उघडं राहिलं तर त्याचं टोक काळं पडतं. ती घाण नसते, त्वचेचंच रंगद्रव्य आणि तेल हवेने काळवंडलेलं असतं, त्यामुळे घासून जात नाही. बंद राहिलं तर कातडीच्या रंगाची बारीक गाठ. आत हवा नाही, तेल भरपूर, म्हणजे क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस या जंतूला घरचं जेवण. शरीर त्याच्याशी भांडायला उतरलं की लाली, सूज, पू. आज आरशात दिसणारा मुरूम या गोष्टीचा शेवटचा अंक असतो. पहिला अंक कित्येक आठवड्यांपूर्वी झालेला असतो, तू तेव्हा भूगोल वाचत होतीस.

म्हणजे बघ: बूच आत, जंतू आत, हुकूम संप्रेरकांचा. फेसवॉश बाहेर, तोही एक मिनिट. २००६ साली मुलांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात दिवसातून एकदा, दोनदा आणि चारदा चेहरा धुणाऱ्यांची तुलना केली होती. चारदा धुणाऱ्यांना दोनदा धुणाऱ्यांपेक्षा काही जास्त मिळालं नाही.

मग औषधी फेसवॉश अगदीच फसवणूक का? नाही. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे ते त्या नळीच्या तोंडात शिरू शकतं आणि चिकटलेल्या पेशी थोड्या सैल करतं. फेसवॉशमध्ये ते २ टक्क्यांपर्यंत असतं. काळी टोकं आणि बारीक बंद गाठी असतील, त्वचा खरोखर तेलकट असेल तर त्याचा उपयोग होतो, मात्र ते लावून मिनिटभर तरी राहू द्यावं लागतं. बेंझॉईल पेरॉक्साईड जंतू मारतं आणि जंतू त्याला सरावत नाहीत, ही त्याची मोठी जमेची बाजू. २.५ टक्क्यांचं जवळपास १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि जळजळ कमी करतं, म्हणून जास्त आकड्याच्या मोहात पडू नये. पाठीवरच्या, छातीवरच्या मुरमांना ते धुऊन टाकायच्या स्वरूपात सोयीचं पडतं. पण टॉवेल, उशीचा अभ्रा, आवडता कुर्ता यांचा रंग उडवतं, आणि ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नकोस.

तुझ्या आजच्या सोलवटलेल्या गालांवर यांतलं काहीच नको.

कडुनिंब आणि कोळशाचं एका ओळीत सांगते: फेस छान, वास छान, कोळशाने बेसिन काळं होतं.

आईचं डाळीचं पीठ मी हसण्यावारी नेणार नाही. ते तेल शोषतं, वरचा मळ उचलतं आणि साबणापेक्षा नक्कीच कमी जहाल आहे. आपल्या आज्यांनी चेहरा साबणाने धुतला नाही हे त्यांचं शहाणपणच होतं. पण पिठाचे कण घासले जातात आणि घासणं हे तुझ्या चेहऱ्याला सध्या वर्ज्य आहे, मग ते बेसन असो, उटणं असो की अक्रोडाची टरफलं. पुटकुळी घासून फुटली की तिथे काळा डाग राहतो आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाच्या त्वचेत तो महिनोन्महिने जात नाही. पिठात लिंबू मात्र कधीच पिळू नकोस. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो आणि तो रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे चट्टे पडू शकतात. खायचा सोडा त्याच्या उलट बाजूचा गुन्हेगार. टूथपेस्ट दातांसाठी असते.

आणि वडापाव. जे पदार्थ रक्तातली साखर झटकन वाढवतात त्यांचा मुरमांशी संबंध आहे असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तळणीचं तेल चेहऱ्यातून बाहेर येतं ही मात्र दंतकथा. थोडक्यात वडा निर्दोष, पाव संशयित. अभ्यासिकेखालच्या टपरीवरचे दिवसाचे चार गोड चहा त्याहून जास्त संशयित. आईला एवढं सांग आणि वाद मिटव.

आता खरेदी. दुकानात बाटलीच्या पुढच्या बाजूकडे बघायचंच नाही, ती कवितेची बाजू. मागे बघ. 'सौम्य', 'सोप-फ्री', 'पीएच ५.५' असं काही आहे का, सुवास नाही किंवा अगदी कमी आहे का. घटकांच्या यादीत वरच्या पाच-सहा नावांत ग्लिसरीन असेल तर चांगलं. सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या जागी असेल तर ठेवून दे. कोको-ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, कोकॅमिडोप्रोपिल बीटेन, कोकॉइल आयसेथिओनेट ही नावं दिसली तर बाटली हातात राहू दे. औषधाच्या दुकानात असे पाच-सात प्रकार असतात. त्यांतला सगळ्यात स्वस्त घे. फेस कमी येईल आणि दोन दिवस 'काही धुतल्यासारखं वाटत नाही' असं वाटेल. तेच हवंय.

धुवायचं दोनदा. सकाळी तुझे गाल फार कोरडे असतील तर नुसत्या पाण्यानेही चालेल. संध्याकाळी खोलीवर आल्यावर फेसवॉशने. घामाघूम होऊन आलीस तर आणखी एकदा माफ. पाणी कोमट किंवा साधं, गिझरचं कढत नको. आधी हात धू, हे सगळे विसरतात. मग शेंगदाण्याएवढा फेसवॉश ओल्या तळहातावर घे, बोटांच्या टोकांनी आधी कपाळ, नाक आणि हनुवटी, शेवटी गाल. धुताना केसांची कड आणि जबड्याखालचा भाग नीट धू. तिथे फेस राहतो आणि मग 'इथेच का खाजतं' असं होतं. टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. आणि चेहरा अजून दमट असतानाच मॉइश्चरायझर. तेलकट कपाळाला हलकं जेलसारखं, गालांना जरा घट्ट, सेरामाइड किंवा ग्लिसरीन असलेलं. मुरूम असलेल्यांनी मॉइश्चरायझर लावू नये असं तुला कुणीतरी सांगितलंच असेल. तू लाव, पुढच्या औषधांना सोसण्याची ताकद त्यातूनच येणार आहे. फक्त गावाकडची खोबरेल तेलाची सवय चेहऱ्यापुरती सोड. ते नळ्या बुजवतं. रात्री केसांना लावून झोपत असशील तर तेही कपाळावर उतरतं. दिवसा एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, नाहीतर डागांचा हिशोब लांबतो.

आता ती ट्यूब. पत्र वाचताना मी इथे थांबले.

मुरूम असलेला चेहरा एका आठवड्यात काचेसारखा करणारं काही मला प्रामाणिक औषधांत माहीत नाही. तुझ्याकडे रिकामी ट्यूब असेल तर तिच्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही? ही स्टेरॉईडं. ती लाली आणि सूज दाबतात, रंगही उजळल्यासारखा दिसतो, म्हणून 'गोरं करणारी क्रीम' म्हणून ती मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे फिरतात, लग्नाआधी तर फारच. काही आठवड्यांत त्वचा पातळ व्हायला लागते, उन्हात आग होते, लाल रेघा दिसतात, बारीक लव वाढते आणि एकसारखे दिसणारे मुरूम उठतात. थांबवलं की उसळी मारून सगळं दुप्पट परत येतं. म्हणून माणूस पुन्हा ट्यूब आणतो. या चेहऱ्याला आम्ही त्वचारोगवाल्यांनी वेगळं नावच दिलंय, इतके पेशंट येतात. सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉईड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती काउंटरवर कशी मिळतात ते तुझी रूममेट सांगू शकेल.

तुझा 'दुप्पट फुटला' हा अनुभव तंतोतंत असाच आहे. त्यामुळे आज तुझ्या चेहऱ्यावर जे आहे त्यातलं किती मूळ मुरमांचं, किती ट्यूबचं आणि किती स्क्रबचं, हे कुठलाही फेसवॉश सांगू शकणार नाही. दुसरी ट्यूब आणू नकोस, पहिली ट्यूब बरोबर घे आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. पैशांचा प्रश्न असेल तर ससूनमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळ जाईल, पण वर्षभरात बाटल्यांवर घालवलेल्या बाराशेपेक्षा स्वस्त पडेल. पुस्तक बरोबर ने, रांगेत वाचून होईल.

तिथे आणखी एक गोष्ट स्वतःहून सांग. तुझे मुरूम हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने आहेत, वय २४ आहे. पाळी पस्तीस दिवसांपेक्षा लांबते का, हनुवटीवर राठ केस येतात का, वजन अचानक वाढलंय का? यांतलं काही असेल तर पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडासाठी, तपासणी करावी लागते. अशा वेळी दुखणं चेहऱ्यावर दिसत असलं तरी औषध आतून द्यावं लागतं. आणि कपाळावरचे पुरळ कधी एकाच मापाचे, खाजणारे झाले तर तेही दाखव. ते मुरूम नसून बुरशीचं पुरळ असू शकतं आणि त्याला मुरमांचं औषध लागू पडत नाही.

डॉक्टर बहुधा रात्री लावायचं ॲडापलीनसारखं काहीतरी देतील. नळीत बूच बसू न देणारं ते औषध आहे, रात्रभर राहतं, म्हणून काम करतं. तुझी त्वचा शांत झाल्याशिवाय ते सुरू करणार नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा सोलवटतो, कधी मुरूम जरा जास्तही दिसतात. वाटाण्याएवढं संपूर्ण चेहऱ्याला, एकेका मुरमावर टिकलीसारखं नाही. परिणाम मोजायचा तो आठ ते बारा आठवड्यांनी, कारण आज आत तयार होत असलेली बुचं बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. लग्नाचं किंवा मुलाचं काही ठरत असेल तर आधी सांगायचं. मुरमांची काही औषधं, विशेषतः आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या, गरोदरपणात अजिबात चालत नाहीत.

तुझी पूर्वपरीक्षा कधी आहे मला माहीत नाही, पण चेहऱ्याचे हे तीन महिने आणि अभ्यासाचे तीन महिने एकदमच जाऊ देत. आरशात दिवसातून दोनदाच बघायचं, धुताना. महिन्यातून एक फोटो काढ, त्याच खिडकीत, त्याच वेळी.

राहिल्या बाटल्या. कडुनिंबाचा आणि कोळशाचा बेसिनपाशी ठेव, हात धुवायला उत्तम. सॅलिसिलिकवाला फेकू नकोस. त्यावरची मुदतीची तारीख बघून कपाटात ठेव. गाल भरून आले आणि डॉक्टर हो म्हणाले तर आठवड्यातून दोन-तीनदा फक्त नाकाला आणि कपाळाला वापरता येईल. अक्रोडाचा स्क्रब टाचांना लाव, भेगांवर काय मस्त चालतो. रूममेटला मात्र यातलं काही देऊ नकोस. तिलाही ससूनला बरोबर घेऊन जा. ती ट्यूब तिने स्वतः किती दिवस लावली हे तू लिहिलेलं नाहीस.